प्रश्न तेच, उत्तरं आपली : चटणीच्या ऑर्डरी घेणारा चॅटबॉट

आम्ही अक्कलकोट तालुक्यातल्या बचत गटातल्या बायका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा आमचा धंदा. आज मात्र भाकरीबद्दल बोलायला आलो नाही. मोबाइलवर आपल्या वतीने उत्तरं देणारं एक छोटं यंत्र असतं, त्याला चॅटबॉट म्हणतात, त्याबद्दल सांगायचं आहे. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. यात कॉम्प्युटरचं काम थोडं आणि आपलं काम जास्त आहे.

आधी अडचण काय होती ते सांगतो. अक्कलकोटला गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला गर्दी असते. चैत्रात प्रकट दिनाला आणि पुण्यतिथीला तर पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईकडून येतात, पलीकडे कलबुर्गी, विजयपूर भागातूनही येतात. जाताना भाकरीचा गठ्ठा आणि चटणीचं पाकीट पिशवीत टाकतात. कडक भाकरी प्रवासाला सोयीची. ज्वारीची नाहीतर बाजरीची, पापडासारखी पातळ, ओल लागली नाही तर कित्येक दिवस टिकते. पण घरी गेल्यावर ती संपते, आणि मग पुन्हा हवी असते. म्हणून पाकिटावर गटातल्या एका ताईंचा मोबाइल नंबर छापलेला होता.

फोन यायला लागले. भाव काय, किती दिवस टिकते, फार तिखट आहे का, लसूण घातलाय का, पुण्याला पाठवाल का. दिवसभर हेच. हात पिठात असताना फोन कोण उचलणार? पण हा त्रास लहान. रात्री दहानंतर येणारे फोन वेगळे असतात. बाईचा आवाज ऐकला की पुन्हा पुन्हा लावायचा, काहीबाही बोलायचं, नको ते फोटो पाठवायचे. ऐकणाऱ्या पुष्कळ जणींना हे माहीत आहे, आम्ही जास्त सांगत नाही. मग घरातले म्हणतात, नंबर काढून टाक. नंबर काढला तर ऑर्डर गेली. ठेवला तर ताईंनी घरात ऐकून घ्यायचं. तिसरा रस्ता म्हणजे मालकांचा नंबर छापायचा. तो रस्ता दिसायला सोपा आहे, पण मग गिऱ्हाईकाची ओळख त्यांच्या फोनमध्ये आणि हळूहळू पैसेही त्यांच्याच खात्यात. भाकरी थापायला आम्ही, आणि धंदा त्यांच्या नावावर. ते आम्हाला नको होतं.

चॅटबॉट तुम्ही वापरलेला आहे, नाव माहीत नसेल एवढंच. मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा केंद्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपवर एक नंबर दिला होता. त्याला निरोप पाठवला की लक्षणं काय, काळजी काय घ्यायची ते आपोआप लिहून यायचं. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने व्हॉट्सअ‍ॅपवर तशीच सोय केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला. म्हणजे पलीकडे माणूस नाही, पण उत्तर येतं. सरकारला जमतं, ते लहान मापात आपल्यालाही जमतं.

ही गोष्ट नवीनही नाही. अमेरिकेत एमआयटी या संस्थेतले जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा असा एक प्रोग्रॅम जगासमोर आणला. समोरच्याने लिहिलेल्या वाक्यातला शब्द पकडायचा आणि ठरलेल्या साच्यातून उलट प्रश्न विचारायचा, एवढंच तो करायचा. पण माणसं त्याच्याशी मन मोकळं करू लागली. हे यंत्र आहे हे माहीत असूनही. वायझेनबॉम यांना त्याची धास्तीच वाटली. म्हणून आमच्या बॉटचं पहिलं वाक्य आम्ही ठरवून असं ठेवलंय : ‘नमस्कार, मी गटाचं उत्तर देणारं यंत्र आहे. माणसाशी बोलायचं असेल तर खालचं बटण दाबा.’

आता काम कसं केलं ते. पहिले आठ दिवस कॉम्प्युटरला हातच लावला नाही. एक शंभर पानी वही घेतली आणि येणारा प्रत्येक प्रश्न गिऱ्हाईकाच्या शब्दांत जसाच्या तसा लिहिला. ‘चटणी कशी दिली’, ‘भाकऱ्या कितीला डझन’, ‘मुंबईला पोचेपर्यंत तुटणार नाही ना’. आठव्या दिवशी गटाच्या बैठकीत वाचून काढले तर पानं भरलेली, पण वेगळे प्रश्न मोजके. बाकी सगळे त्यांचेच भाऊबंद. मग प्रत्येक प्रश्नाचं एक उत्तर ठरवलं. इथे खरी भांडणं झाली. चटणी किती दिवस टिकते म्हणून सांगायचं? एक म्हणाली दोन महिने, दुसरी म्हणाली उन्हाळ्यात तेल सुटतं, एवढं सांगू नका. भाव घरपोच सांगायचा की टपालखर्च वेगळा? हे आजवर प्रत्येक जण आपापल्या मनाने सांगत होती. बॉट झाला नसता तरी एवढ्या एका वहीने फायदा झाला असता.

बॉटसाठी आम्ही टेलिग्राम निवडलं. त्याची दोन कारणं. एक, तिथे बॉट काढायला पैसे लागत नाहीत. टेलिग्रामने ही सोय २०१५ पासून सगळ्यांना खुली केली आहे. दुसरं कारण आमच्यासाठी मोठं. गिऱ्हाईकाला बॉटचं नाव दिसतं, बाईचा नंबर दिसत नाही. बॉट आपणहून कुणाला पहिला निरोप पाठवू शकत नाही. समोरच्याने आधी सुरुवात करावी लागते. त्यामुळे गिऱ्हाईकालाही नको त्या जाहिरातींचा त्रास नाही.

बॉट काढायचा म्हणजे टेलिग्राममध्ये ‘बॉटफादर’ नावाचं खातं शोधायचं. निळी खूण असलेलंच घ्यायचं, नकली पुष्कळ असतात. त्याला नवा बॉट हवा म्हणून सांगायचं. तो आधी नाव विचारतो, ते मराठीत चालतं. मग पत्ता विचारतो, तो इंग्रजी अक्षरांत आणि शेवटी ‘बॉट’ असा हवा. मग तो अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ देतो. तिला टोकन म्हणतात. मैत्रिणींनो, ही ओळ म्हणजे गोदरेजच्या कपाटाची किल्ली. ज्याच्या हाती ती ओळ, त्याच्या हाती बॉट. तो गिऱ्हाईकांचे निरोप वाचू शकतो आणि आपल्या नावाने उत्तरंही देऊ शकतो.

आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. म्हणाले, बॉट मी करून देतो, दरमहा एवढे द्या, तुम्हाला काही बघायला नको. आम्ही विचारलं, बॉट कुणाच्या खात्यावर? म्हणाले, माझ्याच, तुम्हाला काय फरक पडतो? फरक असा पडतो की उद्या पैसे दिले नाहीत तर पाकिटावर छापलेला पत्ता त्यांचा, आणि वर्षभर जोडलेली गिऱ्हाइकंही त्यांचीच. त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. बॉट गटाच्या खात्यावरून काढला, त्या खात्याला दुसरा पासवर्ड लावला आणि तो दोघींना माहीत आहे. टोकन कुणाच्या हाती पडलं असा संशय आला तर बॉटफादरकडूनच जुनं रद्द करून नवं घेता येतं. आणि बॉट दुसऱ्या कुणी काढून दिला असेल, तर त्याची मालकी आपल्या खात्यावर बदलून घेता येते. तुमच्या गटाचं असं काही झालं असेल तर आजच विचारा.

आता कॉम्प्युटरचा भाग. आमच्यातल्या एका अक्कांची मुलगी सोलापूरला कॉम्प्युटर शिकते, तिने हे केलं. एमएस-सीआयटी झालेल्या मुली गावोगाव आहेत. तेवढ्याने प्रोग्रॅम लिहिता येतो असं नाही, पण पायथॉन ही भाषा शिकलेली एखादी मुलगी जवळपास सापडते. तिने ‘फ्लास्क’ नावाचा सांगाडा वापरला. ऑस्ट्रियाच्या आर्मिन रोनाखर यांनी तो २०१० मध्ये काढला, सुरुवात तर म्हणे एप्रिल फूलच्या थट्टेतून झाली. तो फुकट आहे. सांगाडा म्हणजे काय? लग्नाचा स्वयंपाक असेल तर आचारी, भट्टी, मोठी पातेली सगळं लागतं. चार माणसांच्या चहाला तीन दगडांची चूल पुरते. प्रोग्रॅमचे मोठे सांगाडे आचाऱ्याच्या भट्टीसारखे असतात. फ्लास्क ही तीन दगडांची चूल. त्यात सांगायचं एवढंच की या नावाच्या दारावर टकटक झाली की अमुक जणीने उठून अमुक काम करायचं. आमच्या बॉटला दार एकच. गिऱ्हाईकाने निरोप लिहिला की टेलिग्राम त्या दारावर टकटक करतं, आमचा प्रोग्रॅम निरोप वाचतो, वहीतलं उत्तर काढतो आणि परत पाठवतो.

दार सतत उघडं ठेवायचं तर प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत ठेवावा लागतो. एवढ्याशा कामाला जागा अगदी थोडी लागते. सुरुवातीला मात्र तिने तो घरच्या लॅपटॉपवरच चालवून पाहिला. तिथे पद्धत उलटी. दार नाही, आपणच टेलिग्रामला सारखं विचारत राहायचं, काही निरोप आहे का, काही निरोप आहे का. आता आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा आहे का? लाईट गेली, लॅपटॉप झोपला, बॉटही झोपला. पण टेलिग्राम आलेले निरोप चोवीस तास सांभाळून ठेवतं. लाईट आली की सगळे एकदम हाती पडतात. शिकायला ही पद्धत चांगली, धंद्याला भाड्याची जागा बरी.

तिने एक सावधगिरी आधीच घेतली, ती तुमच्या मुलींना सांगा. टेलिग्रामने निरोप दिला आणि आपल्या बाजूने ‘मिळाला’ अशी पोच गेली नाही, तर ते तोच निरोप पुन्हा देतं. मग दोन किलोची ऑर्डर चार किलोची होऊन बसेल. त्यावर उपाय सोपा. प्रत्येक निरोपाला टेलिग्रामचा क्रमांक असतो. तो वहीत आधीच असेल तर पुन्हा लिहायचं नाही. वही म्हणजे इथे ‘एसक्यूलाइट’ नावाची एकच फाइल, ती पायथॉनबरोबरच मिळते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र भाषेने खाल्ला. माणसं एक शब्द दहा तऱ्हांनी लिहितात. चटणी, चटनी, इंग्रजी अक्षरांत चटणी. भाव, रेट, किंमत, कितीला, कशी दिली. हे सगळे शब्द एका उत्तराला बांधावे लागले, आणि ते शहरातल्या कुठल्या कंपनीला सुचले नसते. आकड्यांची एक गंमत कळली. आपण मराठी आकड्यात १२ लिहिले तरी पायथॉनला ते बारा म्हणून कळतात, वेगळं शिकवावं लागत नाही. पण ‘पावशेर’ कळत नाही, ‘दीड’ कळत नाही, ‘अडीच’ कळत नाही. ते आम्ही एकेक करून शिकवले. बटणांचीही एक खोच आहे. बटणावर नाव मराठीत लिहिता येतं, पण बटणामागे प्रोग्रॅमसाठी जी छुपी खूण असते तिला चौसष्ट बाइटची मर्यादा. देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा तीन-तीन बाइट खाते, म्हणजे एकवीसच्या पुढे गेलं की संपलं. म्हणून दिसायला ‘शेंगाचटणी, लसूण घालून’ आणि मागे नुसता एक आकडा.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? आपल्या तालुक्यात घरात कन्नड बोलणारी माणसं पुष्कळ, सीमेपलीकडून येणारे तर कन्नडच. त्यांतल्या बऱ्याच जणांना कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. इथे रेडिओने आम्हाला शिकवलेलं कामाला आलं. आम्ही उत्तरं आवाजात भरून ठेवली. मराठीत एकीने, कन्नडमध्ये आमच्या नागणसूरकडच्या अक्कांनी. गिऱ्हाईकाने ‘कन्नड, आवाज’ असं बटण दाबलं की अक्कांचा आवाज जातो : चटणी कशी ठेवायची, भाकरी आमटीत कशी भिजवायची, भाव काय. दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे आहेत, मोबाइलवरच भरलेले, मागे कोंबडा आरवतोय. तो काढून टाकू या असं मुलगी म्हणाली. आम्ही राहू दिला.

काही जणी विचारतात, हल्ली ते बुद्धिमान यंत्र आलंय, काहीही विचारा, उत्तर देतं, ते का नाही लावलं? ते उपयोगी आहे. २०२३ मध्ये हरियाणातल्या बिवान गावात ‘जुगलबंदी’ नावाचा तसा बॉट लोकांनी वापरून पाहिला. सरकारी योजनेबद्दल आपल्या भाषेत विचारायचं, आणि तो आपल्या भाषेत सांगायचा. चांगलं काम आहे. पण असं यंत्र कधी कधी माहीत नसलेलंही ठासून सांगतं. आमच्या चटणीचा भाव यंत्राने मनाने रचून सांगितला तर तोटा कुणी भरायचा? आमच्या बॉटला जे लिहून दिलंय तेवढंच येतं. नाही आलं की तो म्हणतो, ‘हे मला माहीत नाही, ताईंना विचारून सांगतो.’ आम्हाला असा गडी आवडतो.

ताईंना विचारतो म्हणजे काय, तेही सांगतो. न कळलेला प्रश्न बॉट आमच्या गटाच्या खोलीत, म्हणजे टेलिग्रामवरच्या आमच्या खासगी ग्रुपमध्ये टाकतो. ज्या ताईंची पाळी असेल त्या तिथे उत्तर लिहितात आणि ते बॉटच्या नावाने गिऱ्हाईकाला जातं. ताईंचं नाव नाही, नंबर नाही. रात्री नऊनंतर बॉट सांगतो, उद्या सकाळी उत्तर मिळेल. आणि फोटो आला तर तो पुढे पाठवायचाच नाही असं प्रोग्रॅममध्ये लिहिलंय. पार्सल फुटलं म्हणून फोटो दाखवायचा असेल, तर ज्याची ऑर्डर वहीत आहे त्याचाच येतो. वाकडं लिहिणाऱ्याचं खातं एकदा बंद केलं की त्याचा निरोप आमच्यापर्यंत पोचत नाही. पाळीवर बसायला आता सुना-मुलीही तयार असतात, घरातलं कुणी अडवत नाही.

पैशांचं काम बॉटकडे ठेवलेलं नाही. तो हिशेब सांगतो आणि गटाच्या बँक खात्याचा क्यूआर कोड दाखवतो, बस. पैसे आले का ते बँकेत बघूनच पार्सल बांधायचं, गिऱ्हाईकाने पाठवलेल्या फोटोवर नाही. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, हे आमच्या साठीच्या मावशींनाही आता पाठ झालंय. कुणी फसलंच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करायचा. शेंगदाण्याची कुणाला अ‍ॅलर्जी आहे का, लहान बाळाला चालेल का, असले प्रश्नही बॉट थेट माणसाकडे देतो. गिऱ्हाईकाचा पत्ता पार्सल पोचल्यावर आणि तक्रारीची मुदत संपल्यावर आम्ही पुसून टाकतो. लोकांची माहिती जपण्याचा कायदाही २०२३ मध्ये झालेला आहे.

एक गोष्ट खरी की टेलिग्राम सगळ्यांकडे नसतं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांकडे तर व्हॉट्सअ‍ॅपच. व्हॉट्सअ‍ॅपवरही बॉट करता येतो, फ्लास्कच लागतो, पण तिथे कंपनीकडे नोंदणी, कागदपत्रं आणि काही निरोपांचे पैसे असं लागतं. गिऱ्हाईकाने लिहिल्यापासून चोवीस तासांत मोकळेपणी उत्तर देता येतं, नंतर लिहायचं तर आधी मंजूर करून घेतलेला मजकूरच चालतो. लहान गटाने एवढ्या भानगडीत लगेच पडावं असं आम्हाला वाटत नाही. त्यापेक्षा गटाच्या नावाने वेगळं सिम घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे फुकट अ‍ॅप घाला. त्यात मालाची यादी लावता येते, पहिलं नमस्काराचं उत्तर आपोआप जातं, रात्रीचं ‘उद्या बोलू’ही आपोआप जातं. महिन्याला दहा-वीस ऑर्डरी असतील तर तेवढं पुरेल. आम्ही दोन्ही ठेवलंय. पाकिटावर टेलिग्रामचा चौकोनी कोड आहे आणि गटाच्या सिमचा नंबर आहे. ते सिम ज्या फोनमध्ये आहे तो फोन गटाच्या खोलीत असतो, रात्री कुणाच्या घरी जात नाही.

भाव बदलायचं काम सगळ्यात सोपं ठेवायला सांगितलं होतं. शेंगदाणा वर जातो, खाली येतो, आणि दर वेळी मुलीला सोलापूरहून बोलावणार का? म्हणून बॉट आमच्या दोन ताईंची खाती ओळखतो. त्यांच्यापैकी एकीने ‘भाव’ असं लिहून पुढे आकडा टाकला की तो विचारतो, नक्की ना? हो म्हटलं की त्या क्षणापासून सगळ्यांना नवा भाव. तसंच ‘संपली’ असं लिहिलं की चटणीची ऑर्डर घेणं थांबतं आणि ‘आली’ लिहिलं की सुरू. प्रकट दिनाच्या आठवड्यात आमचं अर्धं काम या दोन शब्दांवर चालतं.

ज्या गटांना हे करून बघायचं असेल त्यांनी आधी शंभर पानी वही आणा आणि आठ दिवस प्रश्न लिहा. मुलीला बोलवायचं ते नवव्या दिवशी.